पाच जण एकाला धरायला जातात, तरी मार पोलिसांनाच कसा बसतो?

एका ताईंनी विचारलंय. त्यांचा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी सोलापुरात पोलीस शिपाई म्हणून लागला, नुकताच डीबी पथकात, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकात गेला. गेल्या महिन्यात मारामारीच्या गुन्ह्यातल्या एका आरोपीला आणताना त्याचं मनगट मुरगळलं आणि आरोपीनं दंडाला कडकडून चावा घेतला. घरी येऊन म्हणाला, "काही नाही, खरचटलंय." ताई विचारतात, "पाच पोलीस, समोर एकटा माणूस. लाठी यांच्याकडे, बेडी यांच्याकडे, कायदा यांच्या बाजूनं. मग मार पोलिसांनाच कसा बसतो? आमचाच पोरगा कच्चा आहे का?"

ताई, चाव्याचं पुढे सांगतो, पण ते "खरचटलंय" मला पटलेलं नाही. आधी तुमचा प्रश्न घेऊ.

मी शिपाई म्हणून लागलो आणि फौजदार होऊन बाहेर पडलो. आधी ग्रामीणला, मग शहरात, मधली काही वर्षं केगावच्या प्रशिक्षण केंद्रात पोरांना शिकवायला. तेहतीस वर्षांत किती जणांना धरलं ते मोजलं नाही. पण डाव्या भुवईवरची खूण, न वळणारी करंगळी आणि पावसाळ्यात ठणकणारा गुडघा ही तिन्ही कमाई धरपकडीतलीच.

पहिली गोष्ट, पाच जण हे स्टेशन डायरीतले. प्रत्यक्षात एक गाडीजवळ थांबतो, एक घराच्या मागच्या बाजूला जातो, एक जण फोनवर साहेबांना सांगत असतो. दारापर्यंत जातात दोघं, आणि पेठेतल्या जुन्या घराचं दार एवढं अरुंद की भिडतो तो एकच. दुसरी गोष्ट, दोन्ही बाजूंचं काम सारखं नसतं. त्याला फक्त सुटायचं असतं. त्यासाठी त्यानं चावलं, डोळ्यात तिखट फेकलं, गच्चीवरून उडी मारली तरी त्याचा हिशेब जमतो. आम्हाला त्याला धरायचं असतं, धड ठेवायचं असतं आणि चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे स्वतःच्या पायांवर उभं करायचं असतं. मारणं सोपं असतं हो, धरणं अवघड. चवताळलेल्या बैलाला दावं लावायला चार माणसं लागतात. ती त्याच्यापेक्षा दुबळी असतात म्हणून नाही, त्याला इजा होऊ द्यायची नसते म्हणून.

तेव्हा खरा प्रश्न असा की धरपकडीत धोका नेमका कुठल्या क्षणाला असतो. एकच उत्तर सगळ्याला लागू पडणार नाही. मारामारीतल्या कॉलेजच्या पोराला घरातून आणणं, दारूत तर्र झालेल्याला रस्त्यावरून उचलणं आणि मोक्क्यातल्या (संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यातल्या) सराइताला लॉजच्या खोलीतून काढणं ही तीन वेगळी कामं आहेत. पण तिन्हीत मला एक गोष्ट सारखी दिसली. आम्ही सावध असतो तेव्हा फारसं काही होत नाही. होतं ते दोन वेळी: अंगाला हात लावतो त्या पहिल्या काही सेकंदांत, आणि "झालं, सापडला" म्हणून हात सैल पडतात त्यानंतर. दुसरी वेळ जास्त वाईट.

हात लावण्याचं आधी घेतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ४३ झालं. त्याचा मथितार्थ असा की माणूस शब्दानं किंवा कृतीनं स्वतः ताब्यात आला तर ठीक, नाहीतर पोलिसानं त्याच्या अंगाला प्रत्यक्ष हात लावायचा किंवा त्याला अडवून धरायचं. म्हणजे तो स्पर्श कायद्यातच आहे. आणि माणसाचं असं असतं की हात लागेपर्यंत तो विचार करत असतो. पळू का, बोलू का, वकिलाला फोन करू का? हात लागला की विचार थांबतो, मग जे करतं ते अंग करतं.

माझी या बाबतीतली शिकवण यंत्रमागाच्या कारखान्यातली. नव्वदच्या दशकातली गोष्ट, आम्ही तिघं, साध्या वेषात. हाणामारीच्या गुन्ह्यातला एक कामगार सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात पाळीला आलाय अशी खबर होती. ज्यांनी चालू मागांचा आवाज ऐकलाय त्यांना सांगायला नको. शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडावं लागतं. माझा सोबती पुढे गेला आणि त्यानं मागून त्याच्या खांद्यावर हात टाकला. तोंडानं "पोलीस" म्हणाला होता, मी बघितलं. पण त्या धडधडाटात ऐकणार कोण? त्या माणसाला वाटलं, ज्यांच्याशी भांडण झालं तेच आले. हातात सूत तोडायची कात्री होती. वळता वळता त्यानं ती फिरवली आणि सोबत्याचा हात मनगटापासून कोपराच्या अलीकडपर्यंत उघडा पडला. अकरा टाके. नंतर तोच आरोपी ठाण्यात रडत होता, "साहेब, मला काय माहीत पोलीस हाय म्हणून." मला त्याचं म्हणणं खरं वाटलं, आजही वाटतं.

यात चूक कोणाची? आमची. मालकाला बाहेर बोलवून मेन स्विच पाडायला लावला असता, माग थांबले असते, आणि मालकानंच त्याला "बाहेर ये रे, कुणी आलंय" म्हणून ऑफिसात बोलावलं असतं तर हात मोकळे, आजूबाजूला फिरणारे पट्टे नाहीत, ऐकू येतंय. दोन मिनिटांचं काम. आम्हाला ती दोन मिनिटं जड झाली, कारण "तो मागच्या दारानं जाईल" ही भीती. ही भीती फार पोलिसांना टाके घालते.

तेव्हापासून माझा परिपाठ ठरला. जागा त्याची नको, आपली हवी. स्वयंपाकघरात आरोपीला धरायचं नाही, विळी-सुरी हाताशी असते. जेवत असेल तर थांबायचं. त्यात दयाही आहे आणि अक्कलही, कारण जेवणारा माणूस स्वतःहून हात धुवायला उठतो आणि तेव्हा त्याचे दोन्ही हात ओले, रिकामे आणि आपल्याला दिसत असतात. हात दिसले पाहिजेत. चेहऱ्याकडे काय बघता, चेहरा कुणाला लागत नाही. पोरांना शिकवताना मी हेच घोकून घ्यायचो.

आणि बोला. नावानं हाक मारा, त्याच्या भाषेत. आपल्याकडे ही सोय आहे आणि पंचाईतही. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्या माणसाला "अंजबेड" म्हटलं, पूर्व भागातल्या तेलुगू घरात "भयपडकु" म्हटलं, की निम्मा ताण उतरतो. दोन्हीचा अर्थ भिऊ नको. मला दोन्ही भाषांत शिव्या आधी आल्या, हे शब्द नंतर आले, आणि उपयोग या शब्दांचा जास्त झाला. एक जणच बोलणार, हेही आधी ठरलेलं पाहिजे. तिघं तीन हुकूम देतात, एक म्हणतो हात वर कर, दुसरा म्हणतो खाली बस, तिसरा म्हणतो हलू नको. तो बिचारा काहीही केलं तरी दोघांचा हुकूम मोडतो, आणि ते दोघं त्याच्या अंगावर जातात.

आता हत्याराचं. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातल्या डेनिस टुलर नावाच्या प्रशिक्षकानं १९८३ साली एक साधी मोजणी मांडली. चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो, आणि साधारण तेवढाच वेळ पोलिसाला पिस्तूल काढून झाडायला लागतो. तिकडे त्यावर पुढे बरीच उलटसुलट चर्चा झाली, तो काही पक्का नियम नाही. पण आकडा डोक्यात ठेवण्यासारखा आहे, कारण आपल्या बोळांत २१ फूट म्हणजे समोरासमोरची दोन घरं आणि मधली गटार धरून होतात. आणि आपल्या शिपायाच्या हातात बहुतेक वेळा लाठीच असते. म्हणजे चाकूवाल्याच्या बाबतीत आपण आधीच अंतराच्या आत उभे असतो. कोयता निदान दिसतो, तो उगारावा लागतो. चाकू दिसत नाही. वार झालेले कितीतरी जण सांगतात की बुक्की बसल्यासारखं वाटलं, रक्त नंतर दिसलं. तेव्हा खोलीत हत्यार आहे असा संशय असला तर आत शिरण्यात मर्दुमकी नाही. दार अडवा, मधे खुर्ची, पलंग, गादी काहीतरी ठेवा, बोलत राहा, जादा माणसं येऊ द्या. चार भिंतींत अडकलेल्या माणसाला घाई नसते, आपल्यालाही नको.

यावर केगावला दर तुकडीतला एक तरी पोरगा विचारायचा, "मग ओंबळे साहेबांनी काय केलं?" प्रश्न बरोबर आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त लाठी होती. त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि त्यांनी ती सोडली नाही म्हणून बाकीच्यांना कसाब जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. तो जिवंत सापडला म्हणून कट उघडा पडला, खटला चालला, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात त्याला फाशी झाली. धरणं म्हणजे काय, याचं याहून मोठं उदाहरण माझ्याकडे नाही. पण मी पोरांना सांगायचो की त्या रात्री दुसरा इलाज नव्हता. मोबाइल चोराच्या कटरसमोर दुसरा इलाज असतो. तिथं छाती पुढे करणाऱ्याला मी शाबासकी दिली नाही, शिव्याच दिल्या.

पेपरात "मुसक्या आवळल्या" असं छापून येतं. त्या दोन शब्दांत मधली झटापट येत नाही. तुमच्या भावाचं मनगट मुरगळलं ते बहुधा तिथंच. दोन शक्यता. एक, दोघांनी आरोपीच्या हाताला दोन दिशांनी ओढलं आणि भावाचा हात मधे सापडला. हे फार होतं. झटापटीत आमच्या निम्म्या जखमा आमच्याच माणसांच्या हातून होतात असं मी गमतीनं म्हणायचो, आणि फारशी गंमत नसायची त्यात. म्हणून कोण कुठला हात धरणार हे गाडीतच ठरवायचं. तू उजवा, तू डावा, मी पाय, तू बेडी. दुसरी शक्यता, तुमच्या भावानं आरोपीचा शर्ट किंवा कॉलर धरली. कपडा कधी धरू नये. माझी करंगळी एका टेरिकॉटच्या शर्टाच्या पिळात अडकली, तो गोल फिरला, आणि ती आजही वळत नाही. धरायचं तर कोपराच्या वर आणि मनगटाशी, दोन्हीकडे.

आणि अर्धी बेडी. एका हातात कडी बसलीय, दुसरा हात अजून मोकळा आहे, ही सगळ्यांत वाईट अवस्था. लोंबणारी दुसरी कडी म्हणजे साखळीला बांधलेला लोखंडाचा तुकडा. माझ्या भुवईवरची खूण त्याचीच. पहिली कडी बसली की मी सुस्कारा सोडला, तेवढ्यात त्यानं हात झटकला. पहिली कडी बसली की साखळी मुठीतून सोडायची नाही, दुसरी बसेपर्यंत.

आता जे सांगतो ते जरा सावकाश वाचा, आणि भावालाही वाचायला द्या. एका मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमाराला, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत, बसस्टँडजवळ एक जण दारू पिऊन दगड फेकत होता. तिघांनी त्याला पालथा पाडला. एक पाठीवर बसला, एकानं मानेशी गुडघा दिला, एकानं पाय दाबले. तो ओरडत होता, "मरतो, मरतो, सोडा." एक पोरगा म्हणाला, "ओरडतोय म्हणजे श्वास आहे." मग तो ओरडायचा थांबला. तिघांनाही वाटलं, शांत झाला. मी तेव्हा हवालदार होतो, नुकताच पोचलो होतो. ओठ बघितले तर काळपट निळे. तिघांना ढकललं, त्याला कुशीवर वळवलं, तोंड मोकळं केलं, पाणी मारलं. घरघर करत श्वास आला. दवाखान्यात नेलं, वाचला.

यामागचं कारण समजून घ्या. धडपडणाऱ्या माणसाला नेहमीपेक्षा किती तरी जास्त हवा लागते. पालथं पाडून पाठीवर वजन दिलं की बरगड्या फुलत नाहीत, पोट जमिनीशी दाबलं गेल्यानं छाती-पोटामधला श्वासाचा पडदा खाली सरकत नाही. मग तो हवेसाठी आणखी धडपडतो, आपल्याला वाटतं अजून मस्ती आहे, आपण आणखी दाबतो. दारू, गांजा, दमा, मोठं पोट, ऊन, लांबवरची धाव, यातलं काहीही असलं तर हे आणखी लवकर होतं. ओरडता येतं याचा अर्थ थोडी हवा बाहेर जातेय एवढाच. पुरेशी आत येतेय असा नाही. अमेरिकेत मिनियापोलिसला २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर पोलिसाचा गुडघा नऊ मिनिटांहून जास्त होता. तो पोलीस पुढच्या वर्षी खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरला. सोबत असलेले सहकारीही सुटले नाहीत.

हा धोका आरोपीचा की पोलिसाचा, असं विचाराल तर दोघांचा, आणि तो वेगळा काढता येत नाही. ताब्यातला माणूस मेला तर २४ तासांत मानवी हक्क आयोगाला कळवावं लागतं, न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी लागते, शवविच्छेदनाचं चित्रीकरण होतं, महाराष्ट्रात तपास सीआयडीकडे जातो. ज्या शिपायानं पाय धरले होते त्याचंही नाव त्यात येतं. नोकरी, घर, पोरांची शाळा, सगळं टांगणीला. आणि ते बाजूला ठेवलं तरी आपल्या हाताखाली एक माणूस गेला, हे घेऊन जगायचं असतं. म्हणून नियम एकच: बेडी बसली की लगेच कुशीवर, मग उठवून बसवायचं. गुडघा मानेवर कधीच नाही. आणि एका माणसाचं काम फक्त त्याच्या तोंडाकडे बघायचं. जो अचानक गप्प होतो त्याची जास्त काळजी करायची.

"झालं, सापडला" नंतरची गोष्ट अजून राहिली. एका सराइताला आम्ही पहाटे उचललं, काही त्रास नाही, अंगझडती झाली, बेडी घातली, वैद्यकीय तपासणीला नेलं. तिथं डॉक्टरांसमोर बेडी काढली. तो तोंडावर हात नेऊन खोकल्यासारखं करायला लागला. गालाच्या आत अर्धं ब्लेड होतं. स्वतःच्या हातावर दोन वार, आणि रोखायला गेलेल्या शिपायाच्या तळव्यावर एक. स्वतःला कापून घ्यायचं कारण सरळ आहे: रक्त आलं की कोर्टाऐवजी वॉर्ड, आणि वॉर्डात खिडक्या असतात. आमची झडती खिशांची झाली होती, तोंडाची नाही. तोंड, जिभेखाली, केसांत, कमरेच्या पट्ट्याच्या आत, चपलेच्या तळाशी. आणि खिशात थेट हात घालायचा नाही, आधी वरून दाबून बघायचं. सुई असते, ब्लेड असतं. पहिल्यानं घेतलेली झडती दुसऱ्यानं परत घ्यायची. गाडीतून उतरवताना, लॉकअपला टाकताना, पुन्हा. "मघाशी घेतलीय की" हे वाक्य मी ज्या ज्या दिवशी ऐकलं, त्यातले बरेच दिवस लक्षात राहिलेत.

बेडीच्या कायद्याचंही इथं सांगितलं पाहिजे, कारण लोकांना वाटतं पोलिसाला वाटेल तेव्हा ती घालता येते. १९८० च्या प्रेमशंकर शुक्ला खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरसकट बेड्या घालणं माणुसकीला धरून नाही, कारण नोंदवावं लागेल. आमची अख्खी नोकरी त्या चौकटीत गेली. कैदी पार्टीत दोन शिपाई एका आरोपीला एसटीत मधे बसवून, हाताला हात धरून, तालुक्याच्या कोर्टात न्यायचे. पळाला तर निलंबन आणि हलगर्जीपणाचा गुन्हा. बेडी घातली तर कोर्टात झापणी. नव्या संहितेच्या कलम ४३(३) नं खुनी, बलात्कारी, सराईत, पूर्वी ताब्यातून पळालेला, संघटित गुन्हेगारी, अमली पदार्थ, बेकायदा हत्यारं अशा प्रकारांत बेडीची मुभा स्पष्ट लिहून दिली. बरं झालं. पण मुभा म्हणजे सक्ती नाही, आणि किती आवळायची याचं भान सुटायला नको. कडी आणि मनगट यात बोटाचं टोक जाईल एवढी जागा हवी, आणि ती आपोआप आणखी आवळू नये म्हणून आतला दुसरा खटका लावायचा. तो नाही लावला तर आरोपी गाडीत बसल्या बसल्या दाबून घेतो, अंगठ्याकडची शीर दबते, बोटं मुंग्या येऊन बधिर होतात, आणि तक्रार आपल्यावर.

ग्रामीणचे धोके वेगळे, थोडक्यात सांगतो. मंगळवेढा, मोहोळकडे रब्बीची ज्वारी डोक्याच्या वर गेली की त्यात शिरलेला माणूस दोन हातांवर असला तरी दिसत नाही. आणि रानात बिनकठड्याच्या विहिरी. माझा गुडघा अशाच एका विहिरीच्या काठावर गेला, नशिबानं आत गेलो नाही. अंधारात अनोळखी रानात पळायचं नाही. चार वाटा धरायच्या आणि उजाडायची वाट बघायची. ज्वारीत रात्रभर थंडीत बसलेला माणूस सकाळी आपणहून चहा मागतो. भीमेकाठच्या वाळूच्या गाड्यांपुढे हात आडवा करून उभं राहू नये, चालक ब्रेक मारेल यावर आपला जीव टांगू नये. नंबर घ्या, पुढच्या नाक्याला कळवा.

वस्तीतल्या गर्दीबद्दल एवढंच की आरोपीपेक्षा त्याची आई आणि बहीण आधी अंगावर येतात, आणि सोबत महिला शिपाई नसेल तर पुरुष पोलीस तिथं हतबल असतो. असायलाच हवा. महिलेला अटक करायची तर सूर्यास्तानंतर, सूर्योदयाआधी नाही. अपवाद असला तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी. जमाव जमायच्या आत निघता यावं म्हणून गाडीचं तोंड आधीच रस्त्याकडे वळवून ठेवायचं. ही साधी गोष्ट कितीदा विसरली जाते, विचारू नका.

आणखी एक, जे माझ्या काही जुन्या सोबत्यांना आवडणार नाही. माझ्या नोकरीतल्या कित्येक झटापटींची गरजच नव्हती. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या अर्णेशकुमार निकालात बजावलंय. पूर्वीचं ४१अ, आता कलम ३५(३), नोटीस द्या आणि हजर राहायला सांगा. तुमच्या भावाचा तो मारामारीतला आरोपी, दुखापत कितपत होती, कुठलं कलम होतं, मला माहीत नाही. त्यावर सगळं अवलंबून. पण नोटिशीवर सही करून दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर स्वतः ठाण्यात येणारे कितीतरी बघितलेत मी. त्यांना पहाटे पाच वाजता दार वाजवून उठवलं असतं तर त्यातले दोन-चार नक्की भिडले असते. कागदानं होणारं काम हातानं करू नये.

थकव्याचाही विचार करा. आषाढीचा पंढरपूरचा बंदोबस्त संपवून परतलेल्या पोरांना दुसऱ्याच दिवशी वॉरंटं बजवायला धाडलेलं मी बघितलंय, आणि धाडणाऱ्यांत मीही होतो. न झोपलेल्या माणसाचा हात उशिरा चालतो आणि राग लवकर येतो. पन्नाशीतला, बीपीच्या गोळ्या घेणारा हवालदार विशीतल्या पोरामागं धावतो, तेव्हा त्याचा धोका कोयत्यापेक्षा त्याच्या स्वतःच्या छातीत जास्त असतो.

मग तुमचा भाऊ कच्चा आहे का? दोन वर्षांत सगळेच कच्चे असतात. पक्के होईपर्यंत त्याला पुढे घुसायचं काम न देता बाजूचा हात धरायला देणारा एखादा जुना हवालदार पथकात आहे का, ते बघा. असला तर त्याच्या पाया पडायला सांगा. नसला तर घरी शांतपणे विचारा: तुम्ही कोण काय धरणार हे आधी ठरवता का? उत्तर "बघू तिथं गेल्यावर" असं आलं तर काळजी करा.

आता चावा. माणसाचा चावा कुत्र्याच्या चाव्याइतकाच घाण असतो, तोंडातले जंतू आत खोल जातात. चावल्या चावल्या साबण आणि वाहत्या पाण्यानं दहा-पंधरा मिनिटं धुवायचं, जखम पिळायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि गरज असेल तर अँटिबायोटिक. कातडी फाटून रक्त आलं असेल, आणि चावणाऱ्याच्या तोंडातही रक्त असेल, तर एचआयव्हीसाठी विचारायचं. शक्यता फार कमी असते, पण औषधाचा पहिला डोस जमल्यास दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांत लागतो, पुढे २८ दिवस. नुसत्या थुंकीनं तो होत नाही, उगाच घाबरायचं नाही. कावीळ ब (हिपॅटायटिस बी) मात्र जास्त चिवट. तिचा विषाणू सुकलेल्या रक्तातही आठवडाभर टिकतो. तिची लस आहे, तीन डोस: पहिला, महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा.

महिना होऊन गेलाय, म्हणजे ७२ तासांची वेळ टळली. तरी त्याला सिव्हिलला पाठवा, जखम दाखवा, चावा कधी आणि कसा झाला ते सांगून रक्त तपासायला सांगा, आणि काविळीची लस घेतली नसेल तर पहिला डोस तिथंच घ्यायला सांगा. चाव्याची नोंद स्टेशन डायरीत झालीय का, तेही त्याला विचारा. झाली नसेल तर ठाणे अंमलदाराकडून आजच करून घ्यायला लावा.